ज्याँ दले : मनोविकारांवरील औषधयुगाचे प्रवर्तक

पॅरिस शहराच्या दक्षिण भागातील सँत-आन या मनोरुग्णालयात १९५२ च्या वसंत ऋतूत एका नव्या औषधाचा प्रयोग सुरू झाला. उन्मादाने बेभान झालेल्या, भास आणि भ्रमांनी ग्रासलेल्या रुग्णांना हे औषध देण्यात येत होते. काही आठवड्यांतच त्या कक्षांमधील आरडाओरडा ओसरला. ज्यांना बांधून ठेवावे लागत असे, असे रुग्ण शांतपणे बसू लागले, विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देऊ लागले. मात्र त्याच रुग्णांपैकी अनेकांच्या चेहऱ्यांवरील हावभाव मावळले. पावले जड पडू लागली आणि हातांना कंप सुटला. मन सावरत असताना शरीर आखडत होते.

या दोन्ही गोष्टींचा एकत्रित विचार ज्यांनी केला, ते या विभागाचे प्रमुख प्राध्यापक ज्याँ दले. या औषधवर्गाला नाव देणारे आणि त्याची व्याख्या करणारेही तेच. शरीराचे आखडणे हा उपचाराचाच एक भाग आहे काय, या प्रश्नाला त्यांनी दिलेल्या उत्तराचा मनोविकारशास्त्रावर दीर्घकाळ प्रभाव राहिला. ते उत्तर अपुरे असल्याचे सिद्ध होण्यास तीन दशकांहून अधिक काळ जावा लागला.

ज्याँ दले यांचा जन्म १४ नोव्हेंबर १९०७ रोजी फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील बायोन या गावी झाला. त्यांचे वडील नामांकित शल्यविशारद होते आणि पुढे त्या नगराचे महापौरही झाले. मुलाला साहित्याची ओढ होती. परंतु वडिलांच्या इच्छेला मान देऊन त्याने वैद्यकाचा मार्ग पत्करला आणि कोवळ्या वयातच तो शिक्षणासाठी पॅरिसला आला. तेथे त्यांनी चेतासंस्थेच्या विकारांचा अभ्यास केला आणि त्याच्या जोडीने सॉर्बोन विद्यापीठात तत्त्वज्ञान व मानसशास्त्राचे धडे घेतले. ख्यातनाम मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांचा त्यांच्यावर विशेष प्रभाव पडला. स्पर्शाने वस्तू ओळखण्याची शक्ती लोपणे हा त्यांच्या वैद्यकीय प्रबंधाचा विषय होता. त्यानंतर स्मृतीच्या ऱ्हासावर प्रबंध लिहून त्यांनी वाङ्मय शाखेचीही डॉक्टरेट मिळवली. मेंदू आणि मन यांच्या सीमारेषेवर उभे राहून पाहण्याची ही सवय त्यांना आयुष्यभर उपयोगी पडली.

दुसरे महायुद्ध संपल्यानंतर न्यूरेम्बर्ग येथे नाझी नेत्यांवर खटला चालला. आरोपी रुडॉल्फ हेस आणि युलियस श्ट्रायखर यांची मनोवस्था तपासणाऱ्या तज्ज्ञांमध्ये दले यांचा समावेश होता. १९४६ मध्ये, वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच, सँत-आन येथील मनोविकार व मेंदूविकार या विषयाच्या प्राध्यापकपदी त्यांची नियुक्ती झाली. १९५० मध्ये पॅरिस येथे भरलेल्या पहिल्या जागतिक मनोविकारशास्त्र परिषदेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

त्या काळी गंभीर मनोविकारांवर फारसे उपाय उपलब्ध नव्हते. इन्सुलिन देऊन रुग्णाला बेशुद्धावस्थेत नेणे, विजेचे झटके देणे आणि मेंदूच्या पुढील भागातील तंतू शस्त्रक्रियेने तोडणे, हे प्रमुख उपचार होते. या शस्त्रक्रियेच्या पुरस्कर्त्यास, पोर्तुगालच्या एगास मोनिस यांना, १९४९ चे नोबेल पारितोषिकही देण्यात आले होते. हजारो रुग्ण वर्षानुवर्षे रुग्णालयाच्या भिंतींआड राहत आणि तेथेच त्यांचा अंत होत असे.

या परिस्थितीत बदल घडवणारे औषध मनोविकारांसाठी तयार झालेच नव्हते. फ्रान्समधील रोन-पुलँक या कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ पोल शारपांतिए यांनी डिसेंबर १९५० मध्ये क्लोरप्रोमाझिन हे संयुग तयार केले. नौदलातील शल्यवैद्य आंरी लाबोरी हे शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाला बसणारा धक्का कमी करण्याच्या शोधात होते. हे औषध दिल्यावर रुग्ण झोपी जात नाही, परंतु भोवतालच्या घडामोडींविषयी उदासीन होतो, असे त्यांच्या लक्षात आले. मनोविकारांत याचा उपयोग होऊ शकेल, असे त्यांनी सहकाऱ्यांना सुचवले. त्यानुसार पॅरिसच्या व्हाल-द-ग्रास या लष्करी रुग्णालयात जानेवारी १९५२ मध्ये एका रुग्णावर त्याचा प्रयोग झाला. तेथे मात्र इतर औषधे आणि विजेचे झटके यांच्या जोडीनेच ते वापरण्यात आले.

दले आणि त्यांचे तरुण सहकारी पिएर दनिकेर यांनी वेगळा मार्ग अवलंबला. त्यांनी हे औषध एकट्याने, अधिक मात्रेत आणि सलग अनेक दिवस दिले. मे १९५२ मध्ये त्यांनी पहिले निष्कर्ष वैद्यकीय सभेपुढे मांडले आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत एकापाठोपाठ एक शोधनिबंध प्रसिद्ध केले. त्यांपैकी एका निबंधात ३८ रुग्णांची माहिती होती. औषधाचा परिणाम केवळ गुंगी आणण्यापुरता मर्यादित नसून भास आणि भ्रमही त्याने ओसरतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्याच वर्षी हे औषध लार्गाक्टिल या नावाने फ्रान्सच्या बाजारपेठेत आले. १९५४ मध्ये अमेरिकेत त्यास परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच जगातील बहुतेक मनोरुग्णालयांत ते पोहोचले.

औषधाच्या प्रसाराबरोबर त्याची दुसरी बाजूही समोर आली. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स स्टेक यांनी १९५४ मध्ये अशा रुग्णांत दिसणाऱ्या कंपवातासारख्या लक्षणांचे सविस्तर वर्णन केले. मुखवट्यासारखा निर्विकार चेहरा, ताठर स्नायू, आखूड पावले आणि बोटांचा कंप ही ती लक्षणे होती. काही रुग्णांची मान अचानक वाकडी होई, डोळे वर खेचले जात, जबडा आवळला जाई. काहींना एका जागी बसणे अशक्य होऊन ते सतत येरझाऱ्या घालत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास युरोपात निद्राज्वराची, म्हणजे मेंदूदाहाची, मोठी साथ आली होती. त्यातून वाचलेल्यांमध्ये अशीच लक्षणे दिसत असत. जुन्या डॉक्टरांना हे साम्य तत्काळ जाणवले.

स्टेक यांच्या निबंधात दोन औषधांचा उल्लेख होता. त्यांपैकी दुसऱ्या औषधाचे मूळ भारतात होते. सर्पगंधा या वनस्पतीचा उपयोग आयुर्वेदात पूर्वापार होत आला आहे. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या बंगाली वैद्यांनी १९३१ मध्ये तिचा रक्तदाब आणि उन्माद या दोहोंवरील उपयोग नोंदवला होता. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटनमधील एका वैद्यकीय नियतकालिकात रक्तदाबावरील तिच्या परिणामांविषयी निबंध प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी सर्पगंधेतून रेसरपिन हे द्रव्य वेगळे केले. न्यूयॉर्क राज्यातील नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिले, तेव्हा त्यांनाही शांतता लाभल्याचे दिसून आले.

दले यांच्या विचाराला येथे निर्णायक वळण मिळाले. क्लोरप्रोमाझिन प्रयोगशाळेत तयार झालेले होते, तर रेसरपिन वनस्पतीच्या मुळांतून आलेले. दोहोंच्या रासायनिक रचनेत काहीही साम्य नव्हते. तरीही दोन्ही औषधे मनोविकाराची तीव्रता कमी करत होती आणि दोन्हींमुळे शरीर आखडत होते. ज्या अर्थी हे दोन परिणाम दोन्हीकडे जोडीनेच दिसतात, त्या अर्थी त्यांचा परस्परांशी संबंध असला पाहिजे, असा निष्कर्ष दले आणि दनिकेर यांनी काढला. जानेवारी १९५५ मध्ये त्यांनी या औषधांना न्यूरोलेप्टिक हे नाव दिले. चेतासंस्थेची पकड घेणारे, असा या ग्रीक शब्दांपासून बनलेल्या नावाचा आशय आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात सँत-आन येथे या औषधांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली.

१९५७ मध्ये त्यांनी न्यूरोलेप्टिक ठरण्यासाठी पाच निकष निश्चित केले. औषधाने भोवतालाविषयी उदासीनता यावी, उत्तेजना व आक्रमकता शमावी, मनोविकाराची लक्षणे हळूहळू कमी व्हावीत, त्याचा मुख्य परिणाम मेंदूच्या खोलवरच्या भागांवर व्हावा आणि शरीराच्या हालचालींत ठराविक प्रकारचे बदल दिसावेत, असे ते निकष होते. यांतील शेवटच्या निकषामुळे कंप आणि ताठरता यांना औषधाच्या व्याख्येतच स्थान मिळाले. इतर वैद्य ज्याला दुष्परिणाम म्हणत होते, ती येथे औषधाची ओळख ठरली.

हा विचार निराधार नव्हता. त्या काळी मेंदूतील रासायनिक घडामोडींची माहिती अत्यल्प होती आणि औषध मेंदूपर्यंत पोहोचले की नाही, हे जाणण्याचे दुसरे साधन वैद्यांकडे नव्हते. जर्मनीतील हान्स-योआखिम हासे यांनी तर रुग्णाच्या हस्ताक्षरावरून मात्रा ठरवण्याची पद्धत सुचवली. अक्षर किंचित आक्रसू लागले की औषध पुरेसे झाले, त्यापुढे मात्रा वाढवण्याचे कारण नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी याचा विपर्यास झाला. शरीर आखडल्याशिवाय मन बरे होत नाही, अशी समजूत पसरली आणि मोठमोठ्या मात्रा देण्याची प्रथा पडली.

बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत १९५८ मध्ये हॅलोपेरिडॉल हे अधिक प्रभावी औषध तयार झाले. त्याची चाचणी सँत-आन येथेही घेण्यात आली. १९६० मध्ये दले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चाचणीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. औषधाच्या गुणांबरोबरच त्यात एका भयंकर प्रतिक्रियेचीही नोंद होती. काही रुग्णांना तीव्र ज्वर येऊन शरीर लाकडासारखे ताठ होत असे आणि वेळीच औषध न थांबवल्यास मृत्यूही ओढवू शकत असे. या अवस्थेला आज न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम म्हणतात. स्वतः पुरस्कार केलेल्या औषधवर्गाचा हा धोका दले यांच्याच विभागाने जगापुढे मांडला, ही गोष्ट उल्लेखनीय आहे.

याहून चिंताजनक बाब वेगळीच होती. कंप आणि ताठरता औषधाची मात्रा कमी केल्यावर सहसा ओसरत असे. परंतु १९५७ पासून जर्मनी, फ्रान्स आणि डेन्मार्क येथील वैद्यांना काही रुग्णांत निराळ्या हालचाली दिसू लागल्या. ओठांचा चाळा, जीभ वारंवार बाहेर येणे, चघळल्यासारखी जबड्याची हालचाल असे त्यांचे स्वरूप होते. पॅरिसमध्येच १९५९ मध्ये अशा चार रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध झाले. औषध बंद केल्यावरही या हालचाली थांबत नव्हत्या. उलट, कित्येकदा औषध कमी करताच त्या अधिक ठळक होत आणि मात्रा वाढवली की तात्पुरत्या दबून जात. म्हणजे ज्या औषधाने विकार उद्भवला, तेच औषध त्याला झाकून ठेवत होते. उपचारांनंतर महिन्यांनी किंवा वर्षांनी उद्भवणाऱ्या या विकाराला डेन्मार्कच्या फाउर्बी यांनी १९६४ मध्ये टार्डिव्ह डिस्किनेशिया, अर्थात विलंबाने होणारा हालचालींचा विकार, असे नाव दिले.

वैद्यकीय क्षेत्राने या विकाराची दखल घेण्यास विलंब लावला. हा वार्धक्याचा किंवा मूळ मनोविकाराचाच परिणाम असावा, असे अनेकांचे मत होते. औषधे येण्यापूर्वीही काही मनोरुग्णांत अशा हालचाली आढळत असल्याने या मताला आधारही मिळत होता. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ जॉर्ज क्रेन यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात उपलब्ध पुरावे एकत्र करून या धोक्याकडे सातत्याने लक्ष वेधले. १९७६ मध्ये अशा हालचाली मोजण्याची प्रमाणित तपासणी अमेरिकेत तयार करण्यात आली. जुन्या पिढीतील औषधे घेणाऱ्या प्रौढ रुग्णांपैकी दरवर्षी सुमारे ५ टक्के रुग्णांना हा विकार जडतो आणि वृद्धांमध्ये हे प्रमाण कितीतरी अधिक असते, असे त्यानंतरच्या दीर्घकालीन अभ्यासांतून स्पष्ट झाले.

मन शांत होणे आणि शरीर आखडणे जोडीने का घडते, याचा उलगडा स्वीडनमध्ये झाला. आर्व्हिद कार्लसन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस डोपामिन हे मेंदूतील स्वतंत्र संदेशवाहक द्रव्य असल्याचे दाखवले. रेसरपिनमुळे डोपामिनचा साठा रिता होतो, हेही त्यांच्या प्रयोगांतून दिसले. १९६० मध्ये व्हिएन्नातील संशोधकांना कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत याच द्रव्याची तीव्र कमतरता आढळली. क्लोरप्रोमाझिन आणि हॅलोपेरिडॉल मेंदूतील संदेशग्राहकांना अडवतात, असे कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६३ मध्ये सुचवले. हे ग्राहक डोपामिनचे असल्याचे पुढील संशोधनाने निश्चित केले. मेंदूच्या एका मार्गात डोपामिन अडवल्याने भास आणि भ्रम ओसरतात, तर हालचालींचे नियमन करणाऱ्या दुसऱ्या मार्गात ते अडवले गेल्याने कंप आणि ताठरता येते. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिकाने गौरवण्यात आले. दोन परिणामांचा संबंध असल्याचे दले यांचे निरीक्षण अचूक होते. तो संबंध अपरिहार्य आहे, हे अनुमान मात्र टिकले नाही.

त्या अनुमानाला छेद देणारे औषध दले यांच्या हयातीतच अस्तित्वात आले होते. स्वित्झर्लंडमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेले क्लोझापिन रुग्णांचे मन सावरत होते, परंतु शरीर जवळजवळ मुळीच आखडत नव्हते. प्रचलित व्याख्येनुसार ते न्यूरोलेप्टिकच ठरत नसल्याने त्याच्या गुणांविषयी शंका घेतली गेली. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये या औषधामुळे रक्तातील पांढऱ्या पेशी घटून काही रुग्ण दगावले आणि त्याच्या वापरावर कठोर मर्यादा आल्या. अखेर १९८८ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीने निर्णायक पुरावा दिला. इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांवर क्लोझापिन अधिक गुणकारी असल्याचे त्यातून सिद्ध झाले. शरीर न आखडता मन सावरू शकते, हे आता नाकारता येत नव्हते.

ज्याँ दले हा निकाल पाहू शकले नाहीत. मनोविकारशास्त्रापासून ते त्यापूर्वीच दूर गेले होते. लहानपणी बाजूला ठेवलेले साहित्य त्यांनी कधीच सोडले नव्हते. ज्याँ फॉरेल या टोपणनावाने त्यांनी कथात्मक लेखन केले होते. लेखक आंद्रे जीद यांच्या तारुण्यावरील त्यांचा द्विखंडात्मक चरित्रग्रंथ १९५६ आणि १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला व विशेष गाजला. १९५९ मध्ये फ्रेंच अकादमीवर त्यांची निवड झाली. ज्याक लाकाँ यांचे मनोविश्लेषणावरील प्रसिद्ध व्याख्यानसत्र १९५३ पासून दहा वर्षे दले यांच्याच विभागात चालले, यावरून त्यांच्या वैचारिक मोकळेपणाची कल्पना येते.

या कारकिर्दीची अखेर मात्र कटू झाली. मे १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनाची झळ सँत-आनलाही पोहोचली. आंदोलकांच्या दृष्टीने मनोरुग्णालये ही दडपशाहीची केंद्रे होती आणि औषधे हे रुग्णांना जखडणारे रासायनिक साखळदंड. ज्यांच्या औषधाने बंद कक्षांची दारे उघडली होती, त्यांच्याच कार्यालयात विद्यार्थी घुसले. दले यांनी १९७० मध्ये निवृत्ती स्वीकारली आणि उर्वरित आयुष्य लेखनास वाहिले. आपल्या मातृकुळातील पूर्वजांचा शतकानुशतकांचा इतिहास त्यांनी चार खंडांत लिहिला. त्याचा अखेरचा खंड १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. २९ मे १९८७ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या फ्लोराँस दले याही लेखिका म्हणून नावारूपाला आल्या आणि २००० मध्ये फ्रेंच अकादमीवर त्यांचीही निवड झाली.

दले यांना नोबेल पारितोषिक मिळाले नाही. १९५७ च्या प्रतिष्ठेच्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत लाबोरी, दनिकेर आणि क्लाइन यांच्याबरोबर मुंबईचे डॉ. वकीलही होते. दले यांचे नाव मात्र त्या यादीत नव्हते.

त्यांच्या निधनानंतर आलेल्या नव्या पिढीतील औषधांमुळे हालचालींच्या विकारांचे प्रमाण घटले असले, तरी ते नाहीसे झालेले नाही. विलंबाने होणाऱ्या हालचालींच्या विकारावर खास मान्यता मिळालेली पहिली औषधे अमेरिकेत २०१७ मध्ये उपलब्ध झाली. डोपामिनचा साठा करण्याच्या ज्या क्रियेवर सर्पगंधेतील रेसरपिनचा परिणाम होत असे, त्याच क्रियेवर ही औषधेही मर्यादित प्रमाणात कार्य करतात. कमीत कमी परिणामकारक मात्रा देणे, रुग्णाच्या हालचालींची नियमित तपासणी करणे आणि मूळ आजार बळावू नये म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय औषध बंद न करणे, ही आजच्या उपचारांची सर्वमान्य सूत्रे आहेत.

लाखो रुग्णांना रुग्णालयाच्या भिंतींबाहेर आणण्याच्या कार्यात ज्याँ दले यांचा मोठा वाटा आहे. त्याचबरोबर, त्यासाठी असंख्य रुग्णांच्या शरीराने मोजलेली किंमत त्यांच्या व्याख्येमुळे काही काळ अटळ मानली गेली, याचीही नोंद वैद्यकाच्या इतिहासाने घेतली आहे.